डोमाजींची जागा

डोमाजींना काही विचारलं की ते आधी हातातली जाळ्याची गाठ पुरी करत, दातांनी आवळत आणि मग उत्तर देत. माझ्या वाट्याला बारा वर्षं एकच उत्तर आलं.

“डोमाजी, हे कुठं सापडलं?”

“पान्यात.”

“पाण्यात कुठं?”

“पान्यात का घर नंबर रायते का, गुरुजी?”

मी लाखांदूरकडच्या एका गावात शाळेत इतिहास शिकवतो. जुन्या वस्तूंचा मला नाद आहे. वस्तू नेमकी कुठे सापडली हेच ठाऊक नसेल, तर तिच्यावरून पुढे काही सांगता येत नाही, हे मी डोमाजींना किती वेळा समजावलं असेल! ते आमच्या तलावावरचे जुने ढिवर. जाळ्यात माशांबरोबर जे येई ते घरी नेत, चिंच आणि राख लावून घासत आणि मग मोठ्या प्रेमाने मला दाखवत. दोन हजार वर्षांचा थर मोरीतून वाहून गेलेला, आणि वर कौतुक, “आता कसं चकचकीत दिसून राहिलं.” एकदा मातीचा बोटभर बाईचा चेहरा मिळाला. ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू होतं म्हणे. मी पोहोचेपर्यंत तो शेंदूर लावून देवांत बसला होता, आणि देवांतून काही उचलायचं म्हणजे पारबताबाईंशी, त्यांच्या बायकोशी, वैर घेणं. अकीकाचे सात मणी डोमाजींनी बकरीच्या गळ्यात बांधले. मी कपाळाला हात लावला.

कहर झाला तो त्यांच्या डोंग्यात. मला पोहता येत नाही, तरी हट्टाने बसलो होतो. डोंगा एका जागी थांबवायला त्यांनी दोराला बांधलेला दगड उचलला, तर त्याच्या अंगावर अर्धं कमळ कोरलेलं! खाली ब्राह्मीची चार अक्षरं. दोर बरोबर त्यांच्यावरून बांधलेला, त्यामुळे दोन पार झिजून गेलेली. एखाद्या स्तूपाच्या कठड्याचाच तो तुकडा असणार, असं मला वाटलं. मी ताडकन उभा राहिलो.

“बसा खाली. डोंगा पलटते,” डोमाजी म्हणाले. “कायले एवढं? गोटा हाय तो.”

“हा आणला कुठून?”

विचारता विचारताच मला उत्तर कळलं. मीच हात जोडले.

मग तलावाच्या खोलीकरणाचा हुकूम निघाला. पाणी सोडायचं आणि पोकलेन उतरवायचं. खाली कठड्याचे आणखी दगड असतील तर त्यांचा चुरा होणार, हे उघड होतं. मी पुरातत्त्वाच्या साहेबांना गाठलं. ते भले होते, पण म्हणाले, “गुरुजी, एवढा मोठा तलाव मी कसा थांबवू? जागा दाखवा, तेवढी वाचवतो.” काम सुरू व्हायला आठ दिवस होते.

धावत डोमाजींकडे गेलो. ते ओसरीवर जाळं विणत होते. गाठ झाली, दात लागले, आणि उत्तर आलं, “पान्यात.”

माझा तोल सुटला. नको नको ते बोललो. ते उठून आत गेले. मग पारबताबाई बाहेर आल्या.

“गुरुजी, त्यायले जागा ठाऊक हाय. पन ढिवर जागा सांगत नसते. पान्याखाली जिथं गोटे, तिथंच मासा बसते. बाप जाताना पोराले सांगते, बस. आमचा पोरगा तं पुन्याले कंपनीत हाय, जाळ्याले हात लावत नाई. मंग हे कोनाले सांगतीन?”

खरं तर मला तिथेच लाज वाटायला हवी होती. पण मला रागच आला. चार मरळींसाठी हा माणूस एवढा इतिहास बुडवतो आहे, असं मी घरी बायकोला तीन दिवस ऐकवत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी कुणीतरी मला तलावाच्या बांधावर, पाळीवर बोलावलं. तलावात बांबू रोवलेले होते. एकामागे एक, अठरा, आणि त्यांची ओळ गोलाकार वळत गेलेली. पलीकडे डोंग्यात डोमाजी बसले होते. पाळीवर सगळा गाव जमला होता, आणि त्यात बाकीचे ढिवरही होते. ते दगड कुठे आहेत हे नाही, मासा कुठे बसतो हे पाहत होते.

काठाला आल्यावर डोमाजी म्हणाले, “पान्यात कुठं, इचारत होते ना? पाहून घ्या आता.”

साहेबांनी शब्द पाळला. पाणी उतरल्यावर माणसांनी हाताने गाळ काढला, आणि प्रत्येक बांबूच्या बुडाशी कठड्याचा दगड निघाला. कमळं, हत्ती, हात जोडलेली माणसं. पेपरात माझा फोटो आला. डोमाजींनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, “फोटो बरा हाय. गोटा जरा धुवाचा होता.”

पावसात तलाव पुन्हा भरला, पण त्या जागेला तार लागली, फलक लागला, तिथे जाळं टाकायला मनाई झाली. डोमाजी काठाकाठाने झिंगे धरू लागले. तक्रार केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. पारबताबाईंना बाहेर पाठवलं आणि मला जवळ बसवून म्हणाले, “आनखी एक जागा हाय. तिथं गोटा नाई, नुसता चिखल हाय. पन मासा बसते.” पाळीवरचं कोणतं झाड आणि कोणता कळस एका रेषेत धरायचा, ते त्यांनी दोनदा सांगितलं. सवयीने मी खिशातून वही काढली. त्यांनी माझा हात धरला. “लिवू नका, गुरुजी.”

मला पोहता येत नाही. मासे धरता येत नाहीत. हे काय करायचं मी, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

परवा पाळीवर एका तरुण ढिवरानं मला अडवलं. “गुरुजी, डोमाजीनं तुमाले जागा सांगतली म्हनते. कुठं हाय?”

मी चपलेतला खडा काढला, चप्पल नीट घातली, आणि मग त्याला उत्तर दिलं.

“पान्यात.”