एकतीस निळी बॅरलं

अनुसयानं गाडीचं स्टिअरिंग पहिल्यांदा हातात धरलं तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. कचऱ्याच्या गाडीवर बाईच चालक हवी असं पंचायतीनं ठरवलं, अर्ज मागवले, आणि सगळ्या वाड्यांतून हिचा एकटीचाच अर्ज आला. पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये तिनं एक कुंपण आणि दोन केळी आडव्या केल्या. त्यानंतर मात्र रामनगरच्या आसपासच्या वाड्यांवर तिच्या गाडीचा भोंगा ऐकून बायका चहा ठेवायला लागल्या, इतकी ती वेळेची पक्की.

कुणाकडं पाव्हणे आले, कुणी जावयासाठी कोंबडं कापलं, कुणाचा नवरा गोव्याहून काय घेऊन आला, हे तिला बादलीत डोकावलं की कळायचं. पण ते ती कुठं बोलली नाही. म्हणून तर लोक निर्धास्तपणे कचरा द्यायचे.

त्या वर्षी उळवीच्या देवाची जत्रा पंधरा दिवसांवर आली असताना बादल्यांतून काळे, तेलकट काथ्याचे बोळे यायला लागले. एका घरातून, मग दुसऱ्या, मग पाचव्या घरातून. एवढं काय घासतात ही माणसं, असं म्हणत ती दुपारी घरी आली, तर परसात तिचा नवरा यशवंत तसल्याच काथ्यानं एक निळं बॅरल घासत बसला होता.

"बघ की, कसं हाय! दोनशे लिटर पाणी मावतंय."

"कुठनं आणलंसा?"

"पल्याडच्या चिऱ्याच्या खाणीत पडल्यात ढीगभर. सगळेच आणूलालेत."

अनुसयानं गाडी तशीच वळवली. चिरे काढून सोडून दिलेल्या त्या खाणीत रातोरात कुणीतरी लॉरी रिकामी केली होती. बॅरलं लवंडलेली, काही फुटलेली, आणि तळाची लाल माती डांबरासारखी काळी. कडेचं गवत जळाल्यासारखं. वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. चार पावलं गेली तेवढ्यात चपलेचा तळ चिकट झाला. तिनं फोटो काढले आणि थेट पंचायतीत जाऊन पीडीओ श्वेता मॅडमच्या टेबलावर फोन ठेवला. पंचायतीचा सगळा कारभार बघणाऱ्या या मॅडम वयानं तिच्या लेकीएवढ्या.

"खाली वाडीची विहीर हाय, मॅडम. पाऊस लागला की हे सगळं तिकडंच जाणार."

मॅडमनी रिपोर्ट लिहायला घेतला आणि पहिल्याच रकान्याशी पेन थांबलं. जागा कुणाची? जंगलाचा गार्ड म्हणाला महसुलाची. मोजणीदार म्हणाला जंगलाची. नकाशा पसरला तर हद्दीची रेघ खाणीच्या बरोबर मधून गेलेली.

"माती काय रेघ बघून काळी झाली न्हाई," अनुसया म्हणाली. मॅडम हसल्या. त्यांनी दोन्ही खात्यांची नावं लिहिली आणि कागद त्याच संध्याकाळी कारवारला पाठवला.

चौथ्या दिवशी प्रदूषण बघणारे अधिकारी आले. नाव महाबळेश्वर. उंच, शांत, मराठी बोलता बोलता कोकणीत शिरणारे. त्यांनी मातीचे नमुने बाटल्यांत भरले, विहिरीचं पाणी घेतलं, आणि बॅरलं मोजली. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर होता, एक ते एकतीस. जागेवर बावीस.

"नऊ खंय गेलीं?" त्यांनी जमलेल्या लोकांना विचारलं.

कुणी पायाकडं बघितलं, कुणी आभाळाकडं. यशवंताला एकाएकी खोकला आला.

"ह्यांतलें पाणी पोरांच्या पोटात गेलें तर काय होईल ठाऊक आहे? नसाल सांगत, तर पोलीस घेऊन घरोघर बघावें लागेल."

"दोन दिवस द्या, सर," अनुसया बोलून गेली आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सतरा नंबरचं बॅरल तिच्याच परसात होतं आणि ते तिनं मॅडमनाही सांगितलं नव्हतं.

महाबळेश्वरांनी तिला जाड हातमोजे दिले. घरी आल्यावर तिनं सतरा नंबर आडवं केलं आणि यशवंताला ते भर उन्हात, मधल्या वाटेनं ढकलत गाडीपर्यंत न्यायला लावलं.

"मागच्या वाटेनं नेऊया की गे," तो कुजबुजला.

"न्हाई. सगळ्यांनी बघूदे."

सगळ्यांनी बघितलं. मग काम सोपं झालं. काथ्याचे बोळे कुठल्या घरांतून आले ते तिला पाठ होतं. सुमंगलाकाकींनी बॅरलात बियाणाचं भात भरलं होतं. चार घरांत न्हाणीचं पाणी, एका घरी कोंबडी आत अंडी घालून बसलेली. एकानं तर मधोमध कापून बैलांना दोन टाक्या केल्या होत्या, तेव्हा महाबळेश्वरांना फोन करून विचारावं लागलं की दोन अर्धी म्हणजे एक धरायचं ना. कुणी हळहळलं, कुणी पुटपुटलं, पण सगळ्यांनी दिलं.

उरलं रामचंद्रअण्णांचं. दरवर्षी उळवीला त्यांची बैलगाडी जायची आणि वाटेत यात्रेकरूंना ते पाणी पाजायचे. यंदा त्यासाठी बॅरल भस्माचे पट्टे ओढून तयार ठेवलेलं.

"देवाच्या कामाचं हाय हे. सात वेळा धुतलोय," ते म्हणाले. "न्हाई द्यायचो."

अनुसया वाद घालायला बसली नाही. दोन दिवसांपासून भरून ठेवलेल्या त्या पाण्याचा एक तांब्या तिनं काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला.

"तुमी पयलं प्या, अण्णा. मग घेऊन जावा उळवीला."

अण्णांनी तांब्या तोंडाशी नेला. पाण्यावर मोरपिसासारखा रंगीत तवंग फिरत होता. त्यांनी वास घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"जत्रेच्या वाटेवर हे मी परक्याच्या पोराला पाजलं असतं गे," ते एवढंच म्हणाले, आणि बॅरलाला हात लावायला पुढं झाले. अनुसयानं आधी त्यांना हातमोजे घातले.

एकतीस भरली. आठवड्याभरात झाकलेल्या लॉऱ्या आल्या, हातभर खोल माती खरवडून पिशव्यांत बंद करून घेऊन गेल्या. खाणीला तारेचं कुंपण झालं, कन्नडमध्ये फलक लागला, आणि म्हाताऱ्यांसाठी त्याचा अर्थ अनुसयानं गाडीच्या भोंग्यावरून आठवडाभर सांगितला. लॉरी कुणाची ते अजून कळलेलं नाही. केस चालू आहे. विहिरीचं पाणी चांगलं निघालं, पण तीन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासायचं ठरलं. बाटली भरून कारवारच्या बसमध्ये देण्याचं काम मॅडमनी अनुसयाच्या नावावर लिहिलं.

परवा महाबळेश्वर पुन्हा आले, तेव्हा कुंपणात नवं गवत गुडघाभर वाढलं होतं. ते पोपटी गवत बघून सुमंगलाकाकींची शेळी तारेखालून आत शिरत होती. अनुसया गाडी तशीच चालू ठेवून खाली उतरली आणि पदर खोचून शेळीच्या मागं धावली. महाबळेश्वर हातातली फाईल हलवत दुसऱ्या बाजूनं शेळीला अडवायला पळाले.