टेफ्लॉनचा भुसा

शिरूरच्या बाहेर एका लहानशा कारखान्यात मी लेथवर टेफ्लॉनचे बुश आणि सील कातायचो. मालच तसा होता. ॲसिडात बुडवा, ढिम्म. तेल नको, ग्रीस नको, हातातून ओल्या साबणासारखा सटकायचा. रसायनांच्या कंपन्यांना पंपासाठी तोच लागायचा. साहेब म्हणायचे, याला काही म्हणजे काही होत नाही. त्याला होत नव्हतं, मला होत होतं.

आठ-पंधरा दिवसांतून एकदा, जीपनं तळेगाव ढमढेऱ्याला घरी पोचेपर्यंत हुडहुडी भरायची. छाती आवळायची, कोरडा खोकला, सणसणून ताप. दुसऱ्या दिवशी उठवत नसे आणि तिसऱ्या दिवशी मी ठणठणीत. डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं, मलेरिया नाही म्हणाले. बायको काढे करून वैतागली. पर्मनंट करायच्या यादीत माझं नाव होतं, आणि इकडं खाड्यावर खाडे. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "पितोस ना? खरं लिहून दे, माफी माग. नाव ठेवतो यादीत."

"साहेब, म्या कवा थेंबबी घेतला न्हाई."

"मग ताप एका दिवसात जातो कुठं?"

त्यांना दारू पटत होती, ताप पटत नव्हता. दारूमुळं खाडे झाले, माफ करा, असं लिहून दिलं. सही करताना स्वतःचीच लाज वाटली. आणि आठवड्यातच पुन्हा ताप, पुन्हा खाडा.

नंतर माल बघायला आलेल्या एका इंजिनियरनं मला गेटबाहेर पाहिलं. आत विडी ओढायला बंदी. बाकीचे तंबाखू मळणारे, विडीवाला मी एकटा. अर्धी विझवलेली विडी शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि चहाच्या सुट्टीत बाहेर येऊन पेटवायचो. लेथवर उडालेला पांढरा भुसा त्याच खिशात साठायचा. विडीवरचा भुसा मी झटकताना त्यानं पाहिलं.

"फेका ती. टेफ्लॉन जळलं की विषारी धूर होतो. संध्याकाळी थंडीताप येतो का तुम्हाला?"

मी पळतच केबिनमध्ये गेलो, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइलमधून माझा कागद काढून पुढं ठेवला.

"हे अक्षर कुणाचं?"

यादीतून नाव गेलं. कारण लिहिलं होतं, दारू. खोटं म्हणायला मला तोंड नव्हतं.