पोलीस पाटील नेमणे आहे

सरकारी कपाटात फायली साठतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण फायलींबरोबर किस्सेही साठतात, आणि त्यांना वाळवीसुद्धा लागत नाही! फाईल एकदा रेकॉर्ड रूमला गेली की गेली. किस्सा मात्र कुणी चहाचा कप हातात घेतला की परत हजर.

मी मूळची कुंडलची. नोकरी मात्र सगळी सातारा जिल्ह्यात, आणि शेवटची बरीच वर्षं एका प्रांत ऑफिसात, पोलीस पाटलांच्या टेबलावर. गावोगावचे पोलीस पाटील नेमायचे, हे प्रांतसाहेबांचं काम. जाहिरात, लेखी, तोंडी, हरकती, पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला आणि मग ऑर्डर. ऑर्डर साहेबांच्या सहीची खरी, पण सहीपर्यंत पोचायला तिला आधी माझ्या आणि आमच्या शिरस्तेदारांच्या हाताखालून जावं लागायचं. शिरस्तेदार म्हणजे ऑफिसातले थोरले कारकून; त्यांना सगळं ऑफिस अण्णा म्हणायचं. काटकुळी अंगकाठी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि स्वतः जराही न हसता दुसऱ्याला हसवायची कला!

मी रिटायर झाले. आता सगळं ऑनलाइन आहे म्हणतात, बरंच आहे. पण आम्ही चार-पाच जुनी माणसं महिन्यातनं एकदा कराडला कुणाच्या तरी घरी जमतो. नवं बोलायला काही नसतंच. पोह्यांच्या बश्या आल्या की कुणीतरी म्हणतं, "अक्का, तो पडद्याचा सांगा की!" झालं. सुरू.

* * *

तो पडद्याचा असा.

आमच्या मुलाखतीच्या खोलीला व्हरांड्याकडं एक मोठी खिडकी होती. एका गावाची जागा महिलांसाठी राखीव. तिशीची एक सून आली. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची फाईल. साहेबांनी विचारलं, "गावाची चतुःसीमा सांगा. पूर्वेला कोणतं गाव?"

ती बोलायला लागली आणि थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. साहेबांना वाटलं, घाबरली. म्हणाले, "ताई, पाणी देऊ का?"

"पानी नको साहेब. त्या खिडकीला तेवढा पडदा लावा."

आम्ही वळून बघितलं. बाहेर तिचा नवरा! दोन्ही हात पसरून पूर्व-पश्चिम दाखवतोय, मधेच बोटांनी काहीतरी मोजतोय.

"ते कवापासनं खुणा करत्यात," ती म्हणाली, "आन् सगळ्या चुकीच्या हायत!"

पडदा लावला. मग तिनं चारी सीमा, ओढा, सगळ्या वस्त्या, बंद पडलेले दोन हातपंपसुद्धा धडाधड सांगितले. निवड तिचीच झाली. ऑर्डर न्यायला दोघं आले, तेव्हा नवरा बिचारा व्हरांड्यातच घुटमळत होता.

अण्णा म्हणाले, "या की आत! आता पडदा काढलाय."

* * *

आमच्या भागात घराआड एक माणूस फौजेत. त्यामुळं रिटायर झालेले फौजी अर्जाला हटकून असायचेच. एक हवालदार आले. पाय जुळवून असा सॅल्यूट मारला की मुलाखतीच्या कमिटीतले डीवायएसपीच खुर्चीत सावरून बसले.

"गावात दोन भावांचं बांधावरनं भांडण लागलं. तुम्ही काय कराल?"

"सर, पहले दोनों को बिठाऊंगा."

"मराठीत सांगा हो."

"दोघांनला बी खाली बसवनार, सर."

"मग?"

"मग काय न्हाई. उभा मानूसच लय भांडतो, सर. बसला की त्याला घरची कामं आठिवत्यात!"

प्रांतसाहेबांनी तोंडीचे मार्क मला लिहायला सांगितले. पण आधी स्वतःच उठून त्या हवालदारांना खुर्ची दिली.

* * *

अर्जात एक रकाना असायचा: 'आपणावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' शंभरातले शंभर जण 'नाही' लिहायचे. एका पठ्ठ्यानं लिहिलं, 'होय.'

मी दचकलेच. पुढं तपशील होता: 'बारावीत असताना चुलत्यांच्या झाडाचे आंबे, दोन वेळा. पोलिसात गेले नाही. घरातच मिटले.'

मी त्याला बोलावून समजावलं, "अरे बाबा, असलं लिहायचं नसतं. हा पोलीस केसचा रकाना आहे."

"पर अक्का, खाली सही करायची हाय नव्हं? 'वरील माहिती खरी आहे' म्हनून?"

मी अर्ज अण्णांपुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण एवढं खरं बोलणारा पोलीस पाटील गावाला झेपेल का?"

गावाला झेपला. पुढं मुदत संपली, तेव्हा त्याच्या नेमणुकीच्या नूतनीकरणाची फाईल माझ्याच टेबलावर आली. सोबत गावकऱ्यांचं पत्र होतं, 'हाच राहू द्यावा.' खाली सह्यांत पहिली सही त्या आंबेवाल्या चुलत्यांची!

* * *

निवडीची यादी लागली की हरकतींना आठ दिवसांची मुदत. एकदा एका निवडीवर हरकत आली. 'सदर उमेदवार गावात राहत नाही. तो आष्ट्यात सासऱ्याच्या दुकानात असतो.' आणि पोलीस पाटील तर गावातच राहणारा पाहिजे. अण्णा स्वतः चौकशीला गेले.

हरकतदार मोठ्या तोऱ्यात पुढं, मागं अण्णा, त्यांच्या मागं पंच. उमेदवाराच्या अंगणात पाय ठेवला मात्र, तिथलं कुत्रं हरकतदारावर असं धावून गेलं की तो थेट शेजारच्या कट्ट्यावर! तेवढ्यात उमेदवार घरातनं बाहेर आला. कुत्रं लगेच त्याच्या पायाशी लोळायला लागलं.

अण्णांनी अहवालात लिहिलं, 'घरातील कुत्रे हरकतदारावर भुंकले व उमेदवाराच्या पायाशी लोळले. सबब उमेदवार सदर घरी नियमित वास्तव्यास असल्याचे दिसून येते.'

साहेबांनी अहवाल वाचला आणि मान वर करून विचारलं, "अण्णा, कुत्र्याचा जबाब घेतला का?"

"घेतला साहेब. वाचून दाखवला. बरोबर असल्याचं त्यानं शेपटीनं कबूल केलं!"

* * *

हे आमचे साहेब विदर्भातले. माणूस लाखमोलाचा, पण कोयनेच्या भागात पहिल्यांदाच आलेले. एका दुपारी कोयनानगरच्या बाजूचा एक शेतकरी तोंडीला बसला होता. शांत, जाडजूड मनुष्य. साहेबांनी विचारलं, "नैसर्गिक आपत्ती आली, तर पोलीस पाटलाचं पहिलं काम कोणतं?"

तो तोंड उघडणार, तोच टेबलावरचे ग्लास किणकिणले, पंखा डुलला आणि खिडकीची तावदानं थरथरली. भूकंप! साहेब एका ढांगेत दारात, दुसऱ्या ढांगेत मैदानात. त्यांच्या मागं तहसीलदार, त्यांच्या मागं मी, एक चप्पल खोलीतच टाकून.

दोन मिनिटांनी सगळं शांत झालं, तशी परत आत गेलो. गडी होता तिथंच बसलेला. माझी चप्पल उचलून त्यानं खुर्चीजवळ नीट ठेवली होती.

साहेबांनी घाम पुसला आणि आवाजात जरब आणून म्हणाले, "हं. प्रश्नाचं उत्तर द्या. पहिलं काम कोणतं?"

"लोकांनला भाईर काडायचं, साहेब," तो म्हणाला. "पर तुमी आदीच गेला व्हता!"

* * *

आता शेवटचा. हा खरं तर अण्णांचा किस्सा. ते होते तोवर आम्ही कुणी तो सांगत नव्हतो, त्यांनीच सांगायचा. आता अण्णा नाहीत, म्हणून मला सांगावा लागतो. त्यांच्यासारखा जमत नाही.

एका मोठ्या गावात तीन पिढ्या एकाच घरात पाटीलकी होती. त्यातले शेवटचे आबा. साठी पूर्ण झाली तशी त्यांची मुदत संपली. त्या वेळी ती जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाली आणि निवड झाली सुजाताची. बी.ए. झालेली, लेखीत पहिली, तोंडीतही पहिली. तिचा आजा त्याच गावचा कोतवाल. आबांच्या वडिलांच्या दारात, पायरीच्या खाली उभं राहून निरोप घ्यायचा आणि गावभर पोचवायचा. हे तिनंच मला सांगितलं होतं, कागद जमा करताना, अगदी सहज.

हरकतीचा आठवा दिवस. एक हरकत आली की चौकशी, मग सुनावणी, मग अपील. वर्ष कुठं जातं कळत नाही. पोरगी सकाळपासनं माझ्या टेबलासमोर बसून होती. तासाला एकदा विचारायची, "अक्का, काय आलं का हो?"

"नाही गं."

पाच वाजत आले. मी रजिस्टर मिटणार, तेवढ्यात पायऱ्या चढताना आबा दिसले. पांढरा फेटा, हातात घडी घातलेला कागद. सुजाता ताडकन उठून उभी राहिली.

"बस," आबा तिला म्हणाले. ती बसली नाही.

अण्णांनी हरकतींचं रजिस्टर ओढलं. "द्या आबा. कशाबद्दल हरकत आहे?"

"हरकत न्हाई."

"मग कागद कसला?"

"गावात चौगंजन कागद कराय लागल्यात, ही पोरगी पुन्याला ऱ्हाती म्हनून. म्या लिवून आनलंय, ती गावातच ऱ्हाती. रोज सकाळी माज्या दारावरनं जाती. कवाबी बोलवा, साक्षीला येतो."

अण्णांनी कागद वाचला. रजिस्टरकडं बघितलं. "आबा, ह्यात नुसत्या हरकतीच घेता येतात. हरकत नसल्याचा कागद घ्यायला रकानाच नाही."

आबांनी रजिस्टरमध्ये डोकावून बघितलं. मग काठी टेकून म्हणाले, "मग हरकतच लिवा."

"कशाची?"

"हिची आर्डर काडाय उशीर लावायला माजी हरकत हाय!"

शप्पत सांगते, अण्णांनी तसंच लिहिलं. नंबर टाकला, आबांची सही घेतली आणि मगच चष्मा काढला. त्या दिवशी चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला.

त्या चौघांचा कागद काही आला नाही. ऑर्डर निघायच्या आत आमच्या साहेबांची मात्र बदली झाली आणि नव्या मॅडम आल्या. त्यांना यातलं कुणीच माहीत नाही. ऑर्डर न्यायला सुजाता आईबरोबर आली. आबाही आले, पाटीलकीचा शिक्का आणि गावाची डायरी तिच्या हवाली करायला. आबा बाकावर बसलेले, ती भिंतीला टेकून उभी.

मॅडम सही केलेली ऑर्डर घेऊन स्वतःच बाहेर आल्या. "पोलीस पाटील कोण आहेत?"

इतक्या वर्षांची सवय. आबा अर्धवट उठले. मग कळलं, तसे सावकाश खाली बसले.

"मी," सुजाता म्हणाली. पण इतकं हळू, की शेजारी असून मलाच कसंबसं ऐकू आलं.

"कोण?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

आबांनी बसल्या जागेवरनं तिच्याकडं मान वळवली.

"मोठ्यानं सांगा, पाटील!"