टेंभुर्णी वगळून

"इंग्लिश मीडियमची आहे म्हणे. मग अशी मूग गिळून का बसते?"

मी प्रिंटआउट घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होते आणि आत एक मॅडम माझ्याबद्दल विचारत होत्या. "अपवाद असतात हो," आमचे संख्याशास्त्राचे सर म्हणाले. मग मला बघून तितक्याच प्रेमाने, "या या, तुमचंच चाललं होतं."

सरांचा एक सिद्धांत होता: इंग्रजी माध्यमाची मुलं मुलाखतीत धीट असतात, मराठी माध्यमाची बुजतात. तो सिद्ध झाला की कॅम्पस इंटरव्ह्यूला फक्त इंग्रजी माध्यमाची मुलं बसवायची, असं प्राचार्यांशी बोलूनही झालं होतं. पाहणी तेवढी राहिली होती. ती माझ्याकडे आली, कारण मी कुणाला नाही म्हणत नाही.

सगळ्यांच्या सराव-मुलाखती घेऊन तक्ता केला. आडव्या ओळींत माध्यम, उभ्या रकान्यांत धीट, बेताचे, बुजरे. काय-स्क्वेअर चाचणीत प्रत्येक चौकटीचा एक 'अपेक्षित' आकडा काढतात: माध्यमाचा आणि धिटाईचा काहीच संबंध नसता, तर इथे किती मुलं आली असती? प्रत्यक्षातले आकडे त्यापासून फार लांब गेले, तरच संबंध आहे म्हणायचं. आमचे गेले नाहीत. सरांची अपेक्षा मात्र वेगळी होती, आणि ती काढायला सूत्र लागत नव्हतं.

"बेताचे आणि बुजरे एकत्र करा."

केले. संबंध निघाला नाही.

"मग बेताचे धिटांत घाला."

घातले. सकाळी बुजरी असलेली कितीतरी मुलं दुपारी धीट झाली. तरी नाही.

सरांनी चष्मा पुसला. "टेंभुर्णीकडनं येणारी पोरं काढा. ती जास्तच बोलतात. त्यांच्यामुळे सगळं बिघडतंय."

ती मुलं मराठी माध्यमाची. त्यातली एक माझ्या बाकावर बसते. घरी मेंढ्या, आवाज माळावर कमावलेला. इंटरव्ह्यूसाठी तिने सात रस्ता चौकातल्या दुकानातून नवा ड्रेसही आणून ठेवला होता. मी तिला सांगितलं.

"मला काडलं? का गं बया?"

"तू धीट आहेस म्हणून."

"आन् तुला ठिवलं?"

"मी बुजरी आहे, पण इंग्लिश मीडियम."

"मंजे तू इंटरव्ह्यूला जाऊन गप बसनार, आन् मी हितं बसून बोलनार." ती हसली. मग हसायची थांबली. "सांग की गं त्यास्नी."

"मी?"

"मग कोन? मी तर तक्त्यातच न्हाय."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये सर तक्ता दाखवत होते. टेंभुर्णी वगळल्यावर संबंध अगदी ठळक निघाला होता. वगळल्याचा उल्लेख पडद्यावर कुठेच नव्हता. मी लॅपटॉपची कळ दाबायला होते.

"वा. म्हणजे संबंध आहे, असंच ना?" प्राचार्यांनी विचारलं आणि का कोण जाणे, सरांऐवजी माझ्याकडे बघितलं.

"त्या फारशा बोलत नाहीत," सर हसत म्हणाले.

मी कळेवरचं बोट काढलं. आवाज निघाला तो इतका बारीक, की प्राचार्य पुढे वाकले.

"टेंभुर्णीची मुलं परत घातली तर नाही, सर."