हिरवा रंगवलेला पाडा

दाराला काट्याची फांदी टेकवलेली दिसली, तर त्या घरात माणसं राहतात की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवाल? मी दोन मिनिटांत ठरवलं होतं.

तेव्हा मी लष्कराच्या इंजिनिअर रेजिमेंटमध्ये सॅपर, म्हणजे साधा जवान होतो. भर उन्हाळ्यात आमचं आठ जणांचं पथक वाणगावच्या पूर्वेला डोंगरात होतं. काम होतं प्रशासनासाठी जंगलातल्या दरडींच्या धोक्याचा नकाशा करायचं. सहाला चहा, साडेसहाला चढण. उतार मोजायचा, भेगा नोंदवायच्या, घरं मोजायची. उतार वाईट आणि खाली माणसं, तर लाल. माणसं नसतील, तर हिरवा.

एका पाड्यावर सगळ्या झोपड्या बंद होत्या. मी तक्त्यात लिहिलं, निर्मनुष्य.

आमच्या पथकातला नाईक हरेश्वर राऊत शिरगावचा. त्याच्या घरच्या वाडीत डोंगरातली माणसं कामाला येत. तो म्हणाला, "अरे शहाण्या, काटी लावलीय म्हणजे कुलूप लावलंय. वीटभट्टीवर गेलेत सगळे. पावसाआधी परततील."

"तक्त्यात तसा रकाना नाय, उस्ताद."

"मग रकाना पाड."

मी पाडला नाही. त्यानेच समासात पेन्सिलीने लिहिलं, 'पावसाळ्यात माणसं आहेत.' कचेरीत नकाशा पक्का करताना समास सोडून दिला. पाडा हिरवा झाला. त्याच डोंगरावरून तारापूरच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. तिथली एकेक टाकी नकाशात आहे.

जुलैत त्याच पाड्यावर दरड कोसळली. ०९४० ला आम्ही पाड्यावर पोचलो. मी रेडिओवर जागा कळवून माती उपसायचं मशीन मागितलं.

"कंट्रोल टू अल्फा. नक्शे में वहाँ बस्ती नहीं है. कन्फर्म करो. ओव्हर."

हरेश्वरने माझ्या हातातून सेट घेतला. "बस्ती मेरे सामने है, साब. आधी मिट्टी के नीचे. मशीन भेजो. ओव्हर."

कन्फर्म करण्यात चाळीस मिनिटं गेली. आम्ही फावड्यांनी खणत होतो. पाड्यावरच्या काशीबायचा नवरा आत अडकला होता. मी कोण, हे तिला माहीत नव्हतं. उन्हाळ्यात पाडा मोजणारा मी, हे मीच सांगून टाकलं.

"आमी भट्टीवर गेलेलो तवाच मोजलास काय रं?" ती म्हणाली. "मंग परत का नाय आलास?"

मी पुन्हा खणायला लागलो.

१०५५ ला हरेश्वर आत उतरला. नवऱ्याला त्याने बाहेर ढकललं. मग मी हरेश्वरचे हात धरून ओढत होतो, तेवढ्यात वरची माती पुन्हा सुटली. हरेश्वर आतच राहिला. मशीन ११२० ला आलं.

याला निसर्गाचा कोप म्हणणाऱ्यांची मला चीड येते. उतार आम्ही मोजला होता. माणसं असतात, हे आम्हाला सांगितलं गेलं होतं. तरी पाहणी उन्हाळ्यातच झाली, कारण तेव्हा डोंगर चढायला सोपा.

तुमच्या भागाचा धोक्याचा नकाशा तहसील कचेरीत मागा. माणसं भट्टीवरून परतली की तो घेऊन पाड्यावर जा आणि दारोदार मोजा. एक घर जरी सुटलं असेल, तरी त्याच दिवशी लेखी हरकत द्या, शिक्का मारून पोच घ्या.

समासात लिहू नका. नाईक हरेश्वर राऊतने समासात लिहिलं होतं.