बयनाबाईनं न घेतलेलं नाव

"अवो सार, पानं काय पाहून राह्यले? साल चावा! तोंड कडूझार झालं का समजा, कुडा व्हय थो."

गुंटूरकडून बदलून आलेल्या विज्ञानाच्या सारांनी साल चावली, थुंकली आणि वहीत लिहिलं. सारांना मराठी येत नव्हती, बयनाबाईचं तेलुगू बाजारापुरतं. मधे दुभाषे दौलत मास्तर. सातवीची पोरं झाडं ओळखायला इचोड्याच्या रानात आणली होती, आणि मास्तरांनीच फुशारकी मारली होती, की बयनाबाईला ओळखता येत नाही असं झाड या रानात उगवलंच नाही.

बयनाबाई पत्रावळीसाठी पळसाची पानं तोडणारी. शाळेनं तिला आजवर काही विचारलं नव्हतं. आज तिचं बोलणं वहीत चढत होतं, म्हणून गाठोडं टाकून ती पुढं झाली होती. झाड ती त्याच्या उपद्रवावरून ओळखायची.

"हे टेंभुर्णी. चुलीत ठिणग्या उडवते, लुगड्याले तीन भोकं पाडले इनं. अन् हा मोहा. याच्यापायी आमचा बुढा रोज नालीत."

बावीस झाडं झाली. तेविसाव्याखाली तिनं नाकाला पदर लावला.

"पुढं चाला. हात नका लावू."

"नाव तं सांग, बाई," मास्तर म्हणाले.

"मले उतते हे, आंग सुजून येते. ज्याले उतते त्यानं झाडाखाली नाव घेऊ नाई. नवऱ्याचं घेतो का आमी?"

मास्तरांना रीत ठाऊक होती. पण विज्ञानाच्या माणसाला हे तेलुगूत कसं सांगायचं? लाजेपायी ते म्हणाले, "तेलीदु." म्हणजे, तिला माहीत नाही. एवढं तेलुगू बयनाबाईला येत होतं. बावीस झाडं गेली पाण्यात!

सार हसले, तसंच लिहिलं, एक काळं फळ दगडानं फोडलं आणि त्याच हातानं घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सार तिच्या दारात. तोंड फुगलेल्या भाकरीसारखं टम्म, एक डोळा बंद. मागं मास्तर, मान खाली.

बयनाबाईनं तीळ-खोबरं वाटून त्यांच्या तोंडावर थापलं. "इथं झाड नाई, आता घेतो नाव. बिबा व्हय थो. मास्तर, कालचं समदं सांगा याइले. अन् खरं सांगा."

मास्तरांनी सांगितलं. सारांनी वही उघडली, एका डोळ्यानं पाहत कालची ओळ खोडली आणि वर 'बिबा' लिहिलं.

"कुठं लिवलं? बोट ठेवा."

सारांनी ठेवलं. तिनं अक्षराकडे निरखून पाहिलं, जसं काही वाचताच येत होतं.

"हां. आता सरका, ऊन चढलं का पानं कोमेजतात."

आणि विळा कमरेला खोचून ती पळसाकडं निघाली.