कुमुदताईंचे खाडे

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कुमुदताईंवर लिहा, असं मला दोनदा सांगून झालं. दोन्ही वेळा मी डोळ्यांच्या ऑपरेशनची सबब सांगितली. डोळे उत्तम आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून टाळत होतो.

चाळीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये काढूनही कुमुदताईंची पुण्याची एक सवय सुटली नव्हती. दूध घेतलं नाही की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला 'खाडा' लिहायचा. दाराशी बाटल्या यायच्या बंद झाल्या, तेव्हा त्या मुलाच्या फोनचे खाडे मांडू लागल्या. "या रविवारी खाडा झाला तुझा," असं ब्रॅकनेलला राहणाऱ्या त्याला फोन करून ऐकवायच्या.

त्यांचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, मी. पाठीच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांपुरत्या दिलेल्या वेदनाशामक गोळ्या तीन वर्षं चालल्या. मी न तपासता सही करत राहिलो. गोळी चुकली की हात थरथरतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी डोस वाढवला. त्यातून त्यांना बाहेर काढलं ते व्यसनमुक्ती केंद्रातल्या एका नर्सनं, चर्चच्या हॉलमधल्या गुरुवारच्या गटानं आणि त्या कॅलेंडरनं. गोळी न घेतलेला प्रत्येक दिवस म्हणजे एक खाडा. माझा त्यात काही हात नव्हता.

दोन वर्षांनी, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कॉलेजात केशकर्तनाच्या कोर्सला नाव घातलं. "जन्मभर नवऱ्याचं टक्कल पाहिलं, आता जरा केस बघू द्या," म्हणाल्या. मात्र फार वेळ उभं राहवत नव्हतं आणि वाचलेलं चटकन लक्षात राहत नव्हतं. उंच स्टूल, मधे विश्रांती आणि परीक्षेत जादा वेळ मिळाला तरच कोर्स जमणार होता. त्यासाठी कॉलेजला डॉक्टरांचं पत्र हवं होतं: व्यसन औषधांमुळे लागलं, ते सुटलं, मागे काय त्रास उरला.

मी दोन ओळी लिहिल्या. पाठदुखी, एवढंच.

त्यांनी माझ्यासमोरच पत्र वाचलं. "पाठ माझीच आहे डॉक्टर, पण गोळ्या कुठे गेल्या?"

लोकांत चर्चा नको म्हणून, असं मी म्हणालो.

"लोकांना मी दर गुरुवारी सांगतेच की."

चर्चा मला माझ्या सहीची नको होती.

कॉलेजनं ते पत्र अपुरं ठरवलं. तेव्हा कुमुदताई नर्सचं पत्र आणि दोन वर्षांची कॅलेंडरं पिशवीत घालून थेट तिथल्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंपुढे जाऊन बसल्या. गणपती, महालक्ष्मी, एकादश्या आणि तारखेतारखेला खाडा. त्या बाईंनी सगळी पानं उलटली. एप्रिलमधल्या एका कोऱ्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, इथे का नाही?

"त्या दिवशी घेतली," कुमुदताई म्हणाल्या.

त्या एका चौकटीमुळे बाईंचा बाकीच्या सगळ्या चौकटींवर विश्वास बसला. स्टूल मिळालं, विश्रांती मिळाली, वेळही मिळाला. ही हकिगत त्यांनी मला हसत हसत सांगितली, आणि शेवटी सहज म्हणाल्या, "गोळ्या कुणी दिल्या तेही विचारलं हो. म्हटलं, आमच्या घरच्यासारखाच माणूस आहे, चांगला आहे."

पुढे मंडळातली निम्मी डोकी त्यांच्या हाताखालून गेली. घरामागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, खुर्ची मांडलेली, शेजारी ते उंच स्टूल, भिंतीवर कॅलेंडर. नियम एकच: "मान सरळ, तोंड बंद." माझ्या केसांना म्हणायच्या, "उरलेत थोडे, पण हट्टी आहेत." दर सहा आठवड्यांनी मी वाक्य ठरवून जायचो. आरशात नजरानजर झाली की तोंड उघडायचो, आणि त्या कात्री थांबवून म्हणायच्या, "डॉक्टर, केस जातील तोंडात." मी लगेच गप्प बसायचो. मला तेवढंच निमित्त पुरायचं.

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. कॅलेंडरवर आदल्या दिवसापर्यंतचे खाडे होते.

आता मी हाय स्ट्रीटवर एका तरुणाकडून केस कापून घेतो. तो गप्प बसा म्हणत नाही. उलट काहीतरी बोला म्हणतो. त्याला काय सांगणार? त्या पत्रात जे लिहायला हवं होतं ते असं: कुमुदताईंना हे व्यसन माझ्या सहीनं लागलं. सुटलं ते त्यांच्या हिमतीनं. चूक माझी होती, ताई. मला माफ करा.